आधी आढ्याकडे बघा

जुन्या वाड्याचा किंवा दगडी घराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आमच्या लहानपणी या घरात पंखासुद्धा लागत नव्हता." वाक्य खोटं नसतं. पण त्याच घरात आता दोन एसी बसलेले असतात, मे महिन्याचं बिल हातात घ्यायला कोणी तयार नसतं, आणि दोष जातो बदललेल्या हवेला किंवा भिंतीला. हवा थोडीफार बदलली आहे, हे खरं. भिंत मात्र तीच आहे. बदललं ते तिच्या भोवतीचं सगळं. मातीचं माळवद उतरवून पत्रा चढला. चौकावर हिरवट प्लास्टिकचं छत आलं. दोन पाखांची लाकडी खिडकी काढून अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसली. पांढऱ्या मातीत बांधलेल्या भिंतीवर "एकदाचं पक्कं करून टाकू" म्हणून सिमेंटचा गिलावा झाला. रस्ता दर काही वर्षांनी वर चढत गेला आणि जोतं जमिनीत गेलं.

अशा घराची वीज वाचवायची तर पहिला खर्च भिंतीवर करू नये. क्रम असा : आधी छत, मग हवेची वाट, मग ओल. भिंतीला इन्सुलेशन लावायचा विचार सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक घरांत तो करायची वेळच येत नाही.

यामागचा हिशेब थोडा अनपेक्षित आहे. भिंतीतून उष्णता किती सहज जाते ते यू-व्हॅल्यूने मोजतात. दोन्ही बाजूंच्या तापमानात एक अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून किती वॉट पलीकडे जातील, तो आकडा. नऊ इंची भाजक्या विटेची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत घेतली तर तो येतो २.२ च्या आसपास. आता काळ्या दगडाची चांगली दोन फुटी भिंत घ्या. आकडा येतो १.९ च्या जवळपास. जाडी अडीचपटीहून जास्त, आणि फरक एवढासा! कारण बेसॉल्ट घट्ट आहे, त्यातून उष्णता विटेपेक्षा सहज वाहते. याउलट दोन इंची एक्सपीएसचा, म्हणजे दाबून बनवलेल्या गुलाबी-निळ्या फोमचा, पत्रा एकटाच यू-व्हॅल्यू ०.६ च्या खाली नेतो. म्हणजे "जाड भिंत उष्णता अडवते" ही समजूत अर्धीच खरी.

जाड भिंत उष्णता अडवत नाही, उशीर लावते. दुपारी दोनला बाहेरच्या बाजूवर पडलेली धग नऊ इंची विटेतून आत पोचायला सहा ते आठ तास घेते, आणि पोचते तेव्हा तिचा जोर बराच ओसरलेला असतो. दोन फुटी दगडात तर दिवस-रात्रीची चढउतार आतपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. तिथे आतलं तापमान दिवसाच्या सरासरीपाशी येऊन थांबतं. ही सरासरी किती, त्यावर सगळा खेळ आहे.

पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८ अंश आणि पहाटे २०-२१ असतात. सरासरी २९. पंखा चालू असेल तर २९ अंशांत माणूस आरामात राहतो. म्हणजे देशावरच्या जाड भिंतीच्या घराला, छत आणि झरोके नीट असतील तर, निसर्गतःच फारशा विजेची गरज नाही. नागपुरात मे महिन्यात हाच हिशेब ४३ आणि २८ असा होतो. सरासरी पस्तिशीच्या वर. तिथे नुसती भिंत पुरत नाही, कूलर लागतोच. पण हवा कोरडी असल्यामुळे कूलर उत्तम चालतो, एसीच्या एक पंचमांश-दशांश विजेत. आणि रत्नागिरीत? दुपारी ३३, पहाटे २६, हवा दमट. रात्र भिंतीला गार करतच नाही. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीची जाडी उन्हाळ्यात फारशी कामाला येत नाही. तिथे काम करते ती कौलांची सावली, रुंद पडवी आणि समोरासमोरची दारं. एकाच राज्यात तीन वेगळी उत्तरं आहेत, आणि व्हिडिओ पाहून केलेली बहुतेक कामं इथेच फसतात.

परदेशातला सल्ला उचलतानाही हेच विसरलं जातं. इंग्लंडमधली १९१९ पूर्वीची विटांची घरंही अशीच भरीव भिंतींची आहेत, तीच नऊ इंच, यू-व्हॅल्यूही साधारण तशीच. स्लाव किंवा हॅरोमध्ये असं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला भिंतीचं इन्सुलेशन टाळता येणार नाही, कारण तिथे थंडीत दिवसाची सरासरीच महिनोन्‌महिने पाच-सात अंशांवर असते; भिंतीने कितीही उशीर लावला तरी हाती काही लागत नाही. आणि तिथेही हे काम सोपं नाही. सरकारी योजनांतून बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत मोठी दुरुस्ती लागेल असे दोष आहेत, असा अंदाज तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २०२५ च्या ऑक्टोबरात दिला. अशा कामांत ठरलेल्या चुका असतात : छताची कड वाढवली नाही, खिडकीखालची पट्टी पुढे काढली नाही, आणि पावसाचं पाणी इन्सुलेशनच्या मागे जाऊन बसलं.

तर आता आढ्याकडे.

सहा इंची आरसीसी स्लॅबची यू-व्हॅल्यू ३.५ च्या घरात जाते. नव्या घरांसाठीच्या इको-निवास संहितेत, २०१८ मध्ये, छताची कमाल मर्यादा १.२ ठरवली आहे. जुन्या घरावर साठ-सत्तरच्या दशकात पडलेला स्लॅब त्या मर्यादेच्या तिप्पट आहे. शिवाय भिंतीवर ऊन तिरपं आणि काही तासच पडतं. गच्चीवर दिवसभर आणि मे महिन्यात अगदी डोक्यावरून. कळकट सिमेंटची गच्ची दुपारी साठ अंशांवर जाते. १२ बाय १२ फुटांच्या खोलीवर ढोबळ हिशेब केला तर उशिरा दुपारी सुमारे एक किलोवॉट उष्णता त्या स्लॅबमधून खाली येत असते. एक किलोवॉट म्हणजे खोलीत हीटर लावून ठेवल्यासारखंच. पत्र्याचं तर बोलायलाच नको. त्याची यू-व्हॅल्यू सहाच्या वर असते आणि उशीर शून्य.

माळवदाचं गणित याच्या अगदी उलट होतं. तुळया, त्यावर कड्या आणि पाट किंवा बांबू, त्यावर फूटभर माती. मातीचं छत यू-व्हॅल्यूने दीडाच्या जवळपास, आणि उशीर दहा-बारा तासांचा. उन्हाळ्यात याहून चांगलं छत गरिबाला परवडणारं नव्हतं. पण त्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं बेजबाबदारपणाचं होईल. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलो भरतं, आणि दर पावसाळ्याआधी गळतीवर आणखी माती टाकली की पिढ्यांमागून पिढ्या ते वाढतच जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसं गेली, ती मुख्यतः या दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरची माळवदं कोसळून. त्या भिंती दोन फुटी दिसत असल्या तरी आतून दोन वेगळे पदर होते आणि मध्ये खडी-मातीची भर. दोन्ही पदरांना शिवणारा, आरपार जाणारा दगड नव्हता.

म्हणून मराठवाड्यातल्या अशा घरात विजेच्या गोष्टी करण्याआधी भिंत शिवलेली आहे का ते बघा. आरपार दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर असायला हवा. नसेल तर भिंतीत ७५ मिमीचं आरपार भोक हलक्या हाताने, ड्रिलच्या हादऱ्याशिवाय, सब्बलीने माती मोकळी करत पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिमीची सळई ठेवून काँक्रीट भरायचं. हे काम इंजिनिअरच्या देखरेखीखालीच. माळवदावरची जादा माती मात्र कुणालाही उतरवता येते, आणि उतरवावीच. कडेपासून मध्याकडे, दोन्ही बाजूंनी सारखी. एकाच बाजूची आधी उतरवली तर तुळई मुरडते.

माती उतरवल्यावर वर काय घालायचं? लोक ब्रिकबॅट कोबा घालून घेतात. चार इंच विटांचे तुकडे आणि सिमेंट, चौरस मीटरला जवळपास दोनशे किलो, आणि उष्णता अडवण्यात जवळजवळ निरुपयोगी. पाणी अडवायला कोबा ठीक, तोही मजबूत स्लॅबवर. जुन्या लाकडावर तो नको.

लाकडी कड्यांवर हलका उपाय म्हणजे दुहेरी छत. वर पत्रा, बाहेरून पांढरा रंगवलेला. त्याखाली किमान सहा इंचांची मोकळी पोकळी, जी वळचणीला आणि आढ्याला उघडी असेल, म्हणजे तापलेली हवा आपोआप वर निघून जाईल. मग खालचं छत : जुने पाट शाबूत असतील तर तेच, नसतील तर बांबूची चटई किंवा सिमेंट-बोर्ड, आणि त्याच्या वर दोन इंची रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची गादी. अॅल्युमिनियमची फॉइल लावायची असेल तर ती पत्र्याखाली, चकचकीत बाजू खाली पोकळीकडे करून ताणायची. चकचकीत बाजू वर ठेवली तर वर्षभरात धूळ बसते आणि फॉइल निकामी होते. पत्र्याला चिकटवून लावलेल्या फॉइलचा उपयोग बराच कमी. तिला एका बाजूला तरी हवा हवी. पोकळीच्या तोंडाला बारीक जाळी, नाहीतर कबुतरं आणि उंदीर ही जागा पहिल्याच पावसाळ्यात ताब्यात घेतात.

स्लॅब असेल तर काम सोपं आहे आणि स्वस्तातही होतं. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी, रात्रभर मुरवून, फडक्यातून गाळून, त्यात गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक. तीन हात. नीळ घालायची सवय असते; गच्चीला नीळ नको, तिने उजेड शोषला जातो. चुना धरावा म्हणून मीठ घालण्याचीही पद्धत आहे. ती तर मुळीच नको, मीठ स्लॅबमध्ये उतरून सळई गंजवतं. ताजा पांढरा थर उन्हाचा ७० ते ८० टक्के भाग परत पाठवतो, कळकट सिमेंट ३० टक्क्यांच्या आसपास. पण चुना पावसात धुऊन जातो, दर वर्षी होळीच्या सुमारास पुन्हा करावा लागतो. उन्हात टिकणारे पांढरे लवचीक रंग चार-पाच वर्षं राहतात. अट इतकीच की गच्ची आधी तारेच्या ब्रशने घासून, शेवाळ काढून, पूर्ण सुकलेली असावी. ओल्या स्लॅबवर मारलेला रंग फुगे धरून पापड्यांसारखा सुटतो. आणि रंग कुठलाही असो, फेब्रुवारीत एकदा गच्ची धुतलीच पाहिजे. धुळीचा थर बसला की निम्मा फायदा गेला.

गच्ची वापरात असेल, पापड-कुरडया तिथेच वाळत असतील, तर चिनी मोझॅक : पांढऱ्या चकचकीत टाइल्सचे तुकडे सिमेंटमध्ये दाबून बसवायचे, शंभराला एक असा उतार देऊन. पंचवीस-तीस वर्षं बघावं लागत नाही. हे करायचंच आहे तर त्याच खर्चात त्याखाली दोन इंची एक्सपीएस घालून घ्यावं, कारण पुन्हा गच्ची कोणी उकरणार नाही. थर असे : स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, दोन दिवस पाणी तुंबवून तपासणी, मग सांधे अडवून लावलेले एक्सपीएसचे पत्रे, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, मग जाळी घातलेला दीड-दोन इंची कोबा, मग मोझॅक. यू-व्हॅल्यू ३.५ वरून ०.५ च्या आसपास येते. स्लॅबच्या खालून थर्मोकोल चिकटवणं हा याचा पर्याय नाही. स्लॅब तसाच तापत, फुगत, तडे जात राहतो, गळती कुठे आहे ते दिसेनासं होतं, आणि कधी शॉर्टसर्किट झालं तर थर्मोकोलचा धूर घातक.

छत झालं की रात्र कामाला लावायची. देशावरच्या जाड भिंतीचा खरा फायदा रात्री मिळतो, आणि तो आपण फुकट घालवतो. १२ बाय १२ च्या खोलीच्या चार भिंतींचा आतल्या बाजूचा चार इंचांचा पदर रात्रीत दोन अंश गार झाला, तर दुसऱ्या दिवशी तो जवळपास पाच युनिट उष्णता पोटात घेतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात एक तास चालला तर साधारण इतकीच उष्णता काढतो. एसीला त्यासाठी दीड युनिट वीज लागेल. रात्री आठ तास एक बारा इंची एक्झॉस्ट पंखा लावला तर ०.४ युनिट. पंखा वरच्या मजल्यावर किंवा जिन्याच्या माथ्यावर बसवायचा आणि हवा आत येण्यासाठी खालच्या, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. आत यायची वाट पंख्याच्या तोंडाच्या दुप्पट तरी मोठी हवी. मच्छरदाणीची जाळी असेल तर तिप्पट. हे विसरलं की पंखा नुसता ओरडतो, हवा हलत नाही. किंवा वाईट म्हणजे संडास-बाथरूममधली हवा घरात खेचतो.

उघडायचं कधी, बंद कधी करायचं? याला घड्याळ नको, दोन साधे थर्मामीटर हवेत. एक घरात मधोमध, दुसरा बाहेर सावलीत, भिंतीपासून हातभर दूर. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की सगळं उघडा, वर चढायला लागला की सगळं बंद. एप्रिलमध्ये हे बहुधा रात्री नऊ-दहाला आणि सकाळी आठच्या सुमारास येतं. "कोंदट वाटतं" म्हणून भर दुपारी खिडक्या सताड उघडणं ही सगळ्यात महागडी सवय. दुपारी पंखा फिरवा, खिडकी बंदच ठेवा.

वाड्यांत हेच काम चौक करत असे. रात्री गार हवा चौकात उतरायची, सोप्यांतून फिरायची, आणि तापलेली वर निघून जायची. पावसाचा त्रास म्हणून चौकावर पारदर्शक छत घट्ट बसवलं, की हा रस्ताच बुजतो, आणि वर दिवसा तिथे हवा कोंडून तापते. छत हवंच असेल तर ते भिंतींच्या माथ्यापासून किमान दोन फूट उचलून, चारी बाजू उघड्या ठेवून करा. पावसाचे तिरपे तुषार थोडे येतील. येऊ द्यावेत.

खिडक्यांबद्दल दोनच गोष्टी. पश्चिमेच्या चार फूट बाय चार फूट काचेतून एप्रिलच्या संध्याकाळी पाऊण किलोवॉटपर्यंत ऊन आत येतं. आतला पडदा त्यातलं थोडंच परतवतो, कारण ऊन काचेच्या आत आलेलं असतं. बाहेरून लावलेली बांबूची चिक, वाळ्याचा पडदा किंवा जुनी लाकडी झडप बहुतेक सगळं थोपवते. दुसरं : दोन झडपांची सरकती खिडकी कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही. जुनी दोन पाखांची खिडकी दुरुस्त होण्यासारखी असेल तर बदलू नका. बिजागऱ्या, नवा गजाचा तुकडा आणि चौकटीला रबरी पट्टी, एवढ्यात काम होतं. जुन्या दुपाखी दाराला भोवती आणि मध्ये मिळून नऊ मीटर फट असते. ती सरासरी तीन मिमी धरली, तरी दारात १६ सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद भोक असल्यासारखं आहे. एसी असलेल्या खोलीत हे भोक बुजवण्याइतकी स्वस्त बचत दुसरी नाही.

आता ओल. विजेच्या लेखात ओल कशाला, असं वाटेल. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता बरीच जास्त वाहते, आणि आतली हवा दमट झाली की २९ अंशही सोसवत नाहीत. मग एसी लागतो तो गारव्यासाठी कमी आणि कोरडेपणासाठी जास्त. शिवाय मातीत बांधलेल्या भिंतीचा सगळा ताठपणा ती कोरडी असण्यावर आहे.

ही भिंत जमिनीतून थोडं पाणी ओढणारच. पूर्वी ते चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जायचं. सिमेंटच्या गिलाव्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाऊस आत जातो, पण बाहेर पडायला त्याला वाट नसते. मग पाणी वर चढतं. दोन फुटांवरची ओल चार फुटांवर जाते, लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, फुटतो, रंगाचे पोपडे सुटतात, आणि लोक त्यावर आणखी एक वॉटरप्रूफ थर मारतात. दर थरागणिक ओल वर सरकते. हे चक्र थांबवायचं तर उलटं जावं लागतं.

सुरुवात घराबाहेरून. जोत्याला लागून रस्ता किंवा फरशी चढली असेल तर ती फूटभर तरी खाली उतरवा. निदान भिंतीलगत फूटभर रुंद चर काढून त्यात खडी भरा आणि चराला उतार द्या. पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल तर आधी तो पाइप. एवढं करूनही एक पूर्ण कोरडा हंगाम थांबायची तयारी ठेवा. दिवाळीनंतर सिमेंटचा गिलावा उतरवायला घ्या, छिन्नी तिरपी धरून. ब्रेकर लावला तर विटेचा चेहराच निघून येतो. सांधे इंचभर खोल खरवडा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा (पाण्याने धुतला तर तो पुन्हा आतच जिरतो) आणि भिंत उघडी ठेवा.

भिंत सुकली की नवा गिलावा चुन्याचा. चुना कळीचा, म्हणजे भाजलेल्या खड्यांचा, घ्यावा. फक्कीचा, म्हणजे तयार कोरड्या पुडीचा, चालतो, पण बरेच दिवस हवेत पडलेली फक्की मेलेली असते, तिने काही धरत नाही. चुना विरवताना पाण्यात कळी टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. ड्रम लोखंडी, कारण उकळी फुटते आणि प्लास्टिक वितळू शकतं. डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे. विरलेला चुना पाण्याखाली किमान पंधरा दिवस, महिना मुरला तर उत्तम. पहिल्या हाताला एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू, जाडी १० ते १२ मिमी, भिंत आधी नीट भिजवून. सुरखी खऱ्या भाजक्या विटेची हवी; राखेच्या विटांची पूड चालत नाही. आठवड्याने दुसरा हात, ६ ते ८ मिमी, बारीक वाळूचा. दोन्ही हात गोणपाट लावून आठवडाभर दमट ठेवायचे. चुना सिमेंटसारखा एका रात्रीत धरत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्‌महिने घट्ट होत जातो. मे महिन्यात केला तर नुसता वाळून भुगा होतो, पावसाळ्यात केला तर वाहून जातो. दिवाळी ते शिमगा हाच त्याचा हंगाम. गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळ यांच्या पाककृतींवर लोक तासन्‌तास वाद घालतात. घालावेत, पण गोणपाट ओलं ठेवायला माणूस नेमला नसेल तर त्या सगळ्याचा उपयोग नाही.

वरून रंग चुन्याचाच, किंवा सिलिकेटचा खनिज रंग. प्लास्टिक पेंट, ऑइलबाउंड डिस्टेंपर आणि अॅक्रिलिक पुट्टी, यांतलं काहीही लावलं की पुन्हा सिमेंटच्या गिलाव्याच्या जागी आलोच.

एवढं सगळं करून एसी लागलाच तर? विदर्भाच्या शहरात कूलरला पाणी नसतं, कोकणात जून-जुलैत कोरडेपणा हवा असतो, घरात आजारी माणूस असतं. लागतो. पण जाड भिंतीच्या खोलीत एसी दोन तास १८ वर चालवून बंद करण्यात अर्थ नाही. त्या दोन तासांत तो मुख्यतः दगड गार करतो. २६-२७ वर लावून, सोबत बीएलडीसी पंखा फिरवला तर काम भागतं. असा पंखा साध्या पंख्याच्या ७५ वॉटऐवजी तीसेक वॉट घेतो. एसीचा आकडा एक अंशाने वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

आतून इन्सुलेशन लावायला खरं कारण आहे ते एकाच खोलीत : जी रोज रात्रीपुरतीच, एसी लावूनच वापरली जाते. तिथे भिंतीचा साठा आडवा येतो, आणि त्याला झाकणं रास्त आहे. झाकताना जीआय पट्ट्यांचा सांगाडा भिंतीपासून इंचभर सोडून उभा करायचा, त्यात दोन इंची रॉकवूल, आणि पुढे जिप्सम बोर्ड. फॉइलचा पदर भिंतीकडच्या बाजूला. इंग्लंडच्या पुस्तिकेत तो खोलीकडच्या बाजूला सांगितलेला असतो, कारण तिथे वाफ घरातून बाहेर जायला बघते. आपल्याकडे एसीच्या खोलीत ती पावसाळ्यात बाहेरून आत येते. फॉइल चुकीच्या बाजूला गेली, किंवा बोर्डावर व्हिनाइलचा वॉलपेपर लावला, की रत्नागिरीच्या जुलैत बाहेरची दमट हवा त्या गार पडद्यामागे पाणी होऊन बसते आणि गणपतीपर्यंत कागदामागे काळी बुरशी धरते. जिच्यावर नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो ती भिंत तर बाहेरून दुरुस्त करून, एक पावसाळा कोरडी राहिलेली बघूनच झाकावी. आणि तुळईचं टोक ज्या कोनाड्यात भिंतीत शिरतं, तिथे बोर्डाला उघडता येणारी झडप ठेवावी; वाळवी आणि कुज दोन्ही तिथूनच सुरू होतात.